तीन किलोचा ताण

नुकतं चालायला शिकलेलं मूल तासाभरात सरासरी २,३६८ पावलं टाकतं, ७०१ मीटर अंतर कापतं आणि १७ वेळा पडतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांच्या खेळण्याचं चित्रीकरण केलं, एकेक पाऊल मोजलं आणि २०१२ साली हे आकडे प्रसिद्ध केले. ते कल्याणजवळच्या शहाडच्या एखाद्या वन-रूम-किचनमध्ये आणून ठेवले की थक्क व्हायला होतं. हॉलची लांबी चौदा फूट. त्यात खिडकीखाली दिवाण, समोर टीव्हीचं युनिट, मध्ये टीपॉय, कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि स्वयंपाकघराच्या दाराशी फ्रिज. एवढ्याशा जागेत ७०१ मीटर चालायचं म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दीडशेहून जास्त फेऱ्या झाल्या, त्याही एका तासात. घरातलं दुसरं कोणीही या फर्निचरच्या इतक्या जवळून, इतक्या वेळा जात नाही.

त्याच्याही आधीचा टप्पा मला जास्त विलक्षण वाटतो. दहा-अकरा महिन्यांचं मूल दिवाणाची कड धरून उभं राहतं आणि आडवं आडवं सरकत जातं. अ‍ॅडॉल्फ यांच्याच गटाने या वयाच्या मुलांसाठी दोन प्रकारचे रस्ते तयार केले. एका रस्त्यात हाताने धरायच्या कठड्यात मध्येच खंड होता, दुसऱ्यात पायाखालच्या जमिनीत. धरून चालणाऱ्या मुलांनी कठड्यातल्या खंडाचा अंदाज अचूक घेतला. हात पोचेल तर पुढे, नाही तर थांबायचं. जमिनीतल्या खंडाचा अंदाज मात्र त्यांना येईना. म्हणजे या वयात मूल तोल सांभाळतं तो मुख्यतः हातांनी. आपण ज्याला दिवाण, टीपॉय, कपाटाचं हँडल म्हणतो, ती त्याची जमीन असते. जमिनीवर जसा आपण पूर्ण भार टाकतो, तसा ते त्या वस्तूवर टाकतं. ती हलेल, सरकेल, अंगावर येईल ही शंका त्याला येणार तरी कुठून?

आणि ती जमीन पक्की असायला हवी, ही जबाबदारी मग आपली.

आपल्याकडच्या जुन्या घरांत हा प्रश्न फारसा उभाच राहत नसे. कल्याणच्या जुन्या वाड्यांमध्ये भांडीकुंडी, औषधं, लोणच्याच्या बरण्या ठेवायला फडताळ असे, आणि फडताळ म्हणजे भिंतीतच काढलेली जागा, वर लाकडी दारं. दिव्याला कोनाडा, कपड्यांना खुंटी. स्वयंपाकघरातली मांडणी भिंतीला ठोकलेली. बसायला पाट, झोपायला जमिनीवर गादी. झोपाळा होता, पण तो तुळईला टांगलेला. उंच आणि सुटी अशी वस्तू घरात जवळजवळ नसायचीच. रांगतं मूल बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या चौकटीत आडवी फळी सरकवून ठेवायची पद्धत होती. चाळीतल्या खोल्यांमध्ये ती पुष्कळ वर्षं टिकली. पांगुळगाडाही बघण्यासारखा आहे. तीन चाकांची लाकडी चौकट, मूल तिच्या मागे उभं राहून ढकलणार. गाडा जाईल तितकंच ते चालणार, आणि हात सुटले तर खाली बसणार. मुलाला मधोमध अडकवणारे प्लास्टिकचे गोल वॉकर अगदी वेगळे. त्यात पाय जेमतेम टेकले तरी मूल सेकंदाला तीन फुटांच्या वेगाने सुटतं, आणि एरवी हाताला न लागणारं टेबल त्याच्या टप्प्यात येतं. कॅनडाने २००४ साली या वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

मग फ्लॅट आले आणि फर्निचर भिंतीपासून सुटं झालं. गोदरेजने पोलादी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ साली. पुढच्या काही दशकांत लग्नाच्या सामानात लोखंडी कपाट आलंच. शहाडला लागून उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या जागेवर हे गाव उभं केलं, आणि तिथला फर्निचर बाजार आज सगळ्या कल्याण-डोंबिवली पट्ट्याला माहीत आहे. सेंच्युरी रेयॉनच्या आसपासच्या वसाहतीत, मोहने-आंबिवलीकडे, मुरबाड रोडवरच्या नव्या टॉवरमध्ये, कुठेही नवं घर लागलं की टेम्पोतून तिथलं फर्निचर येतं. हल्ली त्यात उंच, सडपातळ ड्रॉवर युनिट फार दिसतात. जागा कमी खातात आणि बाळाचे कपडे, लंगोट, खेळणी सगळं त्यात मावतं. बाळासाठी म्हणून घेतलेली हीच वस्तू बाळाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक तोलाची असते. का, ते जरा सावकाश बघू. शाळेत शिकलेल्या तरफेच्या पलीकडचं यात काहीही नाही.

समजा तीन ड्रॉवरचं एक युनिट आहे. उंची मीटरभर, खोली ४४ सेंटिमीटर. सांगाड्याचं वजन २० किलो, आणि प्रत्येक ड्रॉवर कपड्यांसकट ५ किलो. एकूण ३५ किलो. हे पुढे कलंडलं तर पुढच्या तळकडेवर फिरून कलंडेल, म्हणजे ती कड झाली टेकू. वजनाचा मध्य टेकूच्या मागे साधारण २२ सेंटिमीटरवर आहे. तेव्हा युनिटला जागेवर धरून ठेवणारा जोर झाला ३५ गुणिले २२, म्हणजे ७७० किलो-सेंटिमीटर. आता दोन वर्षांचं, १२ किलो वजनाचं मूल बंद ड्रॉवरच्या हँडलला लोंबकळलं. त्याचा भार टेकूच्या पुढे जेमतेम आठ सेंटिमीटरवर आहे, म्हणून कलंडवणारा जोर फक्त ९६. ७७० समोर ९६. युनिट हलतसुद्धा नाही. दुकानात हलवून बघणाऱ्याला ते भक्कम वाटतं, आणि त्या घडीला ते खरोखर भक्कम असतंही.

आता तिन्ही ड्रॉवर ३० सेंटिमीटर बाहेर ओढू. मुलं नेमकं हेच करतात, कारण उघडे ड्रॉवर त्यांना जिन्यासारखे दिसतात. ड्रॉवरचा मध्य आधी टेकूच्या मागे २२ सेंटिमीटरवर होता, तो आता टेकूच्या पुढे ८ सेंटिमीटरवर आला. जो भार युनिटला धरून ठेवत होता, तोच आता त्याला खाली ओढतो आहे. हिशोब असा होतो: सांगाड्याचे ४४०, त्यातून ड्रॉवरचे १२० वजा. उरले ३२०. एकाही मुलाने हात लावला नाही, तरी युनिटची निम्म्याहून जास्त ताकद गेली. आता तेच १२ किलोचं मूल खालच्या ड्रॉवरच्या कडेवर पाय देऊन, वरची कड धरून, मागे रेलून उभं राहिलं. त्याचा भार टेकूच्या पुढे ३५ सेंटिमीटरवर आहे. १२ गुणिले ३५, म्हणजे ४२०. समोर ३२०. युनिट आलं खाली.

एकच ड्रॉवर उघडा असता तर? सांगाडा आणि दोन बंद ड्रॉवर मिळून ६६०, उघड्याचे ४० वजा, उरले ६२०. १२ किलोच्या मुलाचे ४२०; युनिट टिकलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलामुलींचं मधलं वजन १८ किलोच्या किंचित वर आहे. १८ गुणिले ३५ म्हणजे ६३०. धाकट्याला पेललेलं युनिट थोरल्याला पेलत नाही, आणि तेही केवळ दहाच्या फरकाने. एक ड्रॉवर उघडा असताना दुसरा उघडूच नये अशी कळ चांगल्या युनिटमध्ये का बसवतात, ते या आकड्यांवरून लगेच कळतं.

या सगळ्या हिशोबातला सगळ्यात सुंदर भाग मात्र पुढे आहे.

युनिटच्या वरच्या कडेला, मीटरभर उंचीवर, एक पट्टा लावून भिंतीला बांधला. आता पट्ट्यावर ताण किती येईल? मघाच्या तिन्ही उघड्या ड्रॉवरच्या प्रसंगात कलंडवणारा जोर ४२० होता आणि धरणारा ३२०, फरक १००. हा १०० चा फरक पट्ट्याने सावरायचा, आणि पट्टा टेकूपासून १०० सेंटिमीटर उंच आहे. १०० भागिले १००. एक किलो! पस्तीस किलोचं युनिट आणि बारा किलोचं मूल, पण कलंडणं थांबवायला भिंतीकडून लागणारी मदत एक किलोची. अठरा किलोचं मूल तिन्ही उघड्या ड्रॉवरवर चढलं, म्हणजे ६३० विरुद्ध ३२०, तरी ताण येतो ३.१ किलो. मुलं स्थिर उभी राहत नाहीत, उड्या मारतात, झटके देतात, त्यामुळे प्रत्यक्षातला ताण याच्या कितीतरी पट धरायला हवा आणि स्क्रू, पट्टा त्या मानाने दणकट हवेत. पण मूळ आकडा तीन किलोचाच आहे. बाजाराच्या पिशवीएवढा. जड वस्तू भिंतीला टांगायची म्हटली की आपल्याला धडकी भरते; इथे काहीच टांगायचं नाही. वजन जमिनीवरच राहतं. भिंतीला फक्त वरचं टोक पुढे येऊ द्यायचं नाही, आणि उंचीमुळे ते काम तिच्यासाठी अगदी हलकं होतं. पट्टा जितका उंचावर, तितका ताण कमी. मला हे गणित कितीही वेळा केलं तरी नव्याने आनंद देतं.

जगाला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून पटली. जून २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत २ कोटी ९० लाख ड्रॉवर युनिट परत बोलावली. ती भिंतीला न बांधता वापरली तर कलंडत होती आणि त्याखाली लहान मुलं दगावली होती. ज्यांना युनिट ठेवायचं होतं त्यांना भिंतीला बांधायचं साहित्य फुकट दिलं गेलं. मुलं गमावलेल्या आईवडिलांनी पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत 'स्टर्डी' कायदा झाला. १ सप्टेंबर २०२३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या ड्रॉवर युनिटची चाचणी सुमारे २७ किलोच्या मुलाचा भार धरून होते. ड्रॉवर उघडे, आत कपड्यांचं वजन आणि खाली गालिचा आहे असं समजून. म्हणजे मूल प्रत्यक्षात जे करतं तेच आता चाचणीत करून बघतात. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने साठवणीच्या फर्निचरसाठी आयएस १७६३४ हे मानक २०२२ मध्ये काढलं. पण ऑर्डर देऊन सुताराकडून बनवून घेतलेल्या युनिटवर शिक्का नसतो. तिथे तरफेचा हिशोब आपणच करायचा.

भिंतीची मदत घ्यायची तर भिंत कसली आहे हे आधी बघावं लागतं. शहाड-मोहन्याकडच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंती आहेत. त्यात ड्रिलने भोक पाडून गिट्टी मारली की स्क्रू छान धरतो, फक्त तो दोन विटांमधल्या सांध्यात जाता कामा नये. नव्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी हलके एएसी ब्लॉक असतात. सुतार लगेच सांगतो, "ताई, ही सिपोरेक्सची भिंत आहे, साधी गिट्टी धरणार नाही." त्याचं बरोबर असतं. हा ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. ड्रिलचा ठोका चालू ठेवला तर भोक वेडंवाकडं मोठं होतं. ठोका बंद करून नुसतं फिरवून भोक पाडायचं आणि या ब्लॉकसाठीच मिळणारी लांब, रुंद दातांची गिट्टी वापरायची. मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये भिंतच काँक्रीटची असते. भोक पाडायला घाम निघतो, पण एकदा बसलेला स्क्रू हलत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली मात्र ड्रिल लावू नये, वायरची पाइप बहुधा तिथूनच गेलेली असते.

पट्ट्याचं दुसरं टोक युनिटला कुठे लावायचं, यात फार जण फसतात. युनिटची पाठ म्हणजे तीन-चार मिलिमीटरचं पातळ प्लाय किंवा हार्डबोर्ड. त्यात स्क्रू मारला तर झटक्यासरशी पाठ फाटून हातात येते. स्क्रू जायला हवा वरच्या जाड फळीत किंवा बाजूच्या सांगाड्यात. पार्टिकल बोर्डाचं युनिट असेल तर आणखी काळजी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो भुसा ओल धरून फुगतो आणि एकदा सैल झालेला स्क्रू तिथेच पुन्हा पिळून घट्ट होत नाही. त्याला दोन इंच बाजूला नवी जागा द्यावी. प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने, वयाने ठिसूळ होतात. लोखंडी अँगल किंवा जाड विणलेला पट्टा बरा.

लोखंडी कपाटाची गोष्ट थोडी निराळी. साडेसहा फूट उंच, दीड-दोन फुटांच्या आतली खोली. पण ते जड असतं आणि दारं उघडली तरी बहुतेक वजन मागेच राहतं. सपाट फरशीवर ते भरवशाचं आहे. अडचण होते ती उल्हास नदीमुळे. २६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्यातलं कोणीही विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये तीच नदी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसभोवती पसरली होती. सखल भागातल्या तळमजल्यावर पाणी शिरतं म्हणून कपाट विटांवर चढवून ठेवतात. सामान वाचवायला ते योग्यच आहे, पण तोलाचं काय होतं बघा. ४८ सेंटिमीटर खोलीच्या कपाटाचा गुरुत्वमध्य ९५ सेंटिमीटर उंचीवर धरला, तर ते साधारण १४ अंश झुकेपर्यंत परत जागेवर येतं. विटांच्या थरांनी १८ सेंटिमीटर उचललं की ही मर्यादा १२ अंशांवर येते. आणि विटा पायांच्या कडेपासून पाच सेंटिमीटर आत सरकवून लावल्या असतील, तर साडेनऊ अंश. वीट कडेला लावायची की आत, यावर एक पंचमांश सुरक्षितता गेली! विटांवरचं कपाट भिंतीला बांधलेलंच हवं.

उलट, सुतार पुढच्या पायांखाली पातळ पाचर सारतात. हेतू असतो दार आपोआप उघडू नये हा, पण फायदा दुहेरी होतो. पुढून एक सेंटिमीटर उचललं की गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर मागे जातो, टेकूपासून २४ चे २६ होतात. बाथरूमकडे उतार दिलेल्या फरशीवर ही पाचर फार कामाची. बांधण्याला मात्र ती पर्याय नाही.

आणि मुंबईकडच्या घरांतला लॉफ्ट! त्यात दडलेली भूमिती कोणी सांगत नाही. १९८ सेंटिमीटर उंच आणि ४८ सेंटिमीटर खोल कपाट पुढे कलंडताना त्याचा मागचा वरचा कोपरा आधी वर उचलला जातो. किती? कपाटाच्या बाजूचा कर्ण जेवढा, तेवढा. पायथागोरसच्या प्रमेयाने तो येतो २०३.७ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण कलंडायला कपाटाला डोक्यावर पावणेसहा सेंटिमीटर मोकळी जागा लागतेच. ते काँक्रीटच्या लॉफ्टखाली उभं असेल, लॉफ्ट कपाटाच्या खोलीएवढा पुढे आलेला असेल आणि वरच्या फटीत लाकडी ठोकळे घट्ट बसवले असतील, तर ते कलंडूच शकत नाही. भाड्याच्या घरात मालक ड्रिल लावू देत नाहीत, अकरा महिन्यांच्या कराराचं कारण पुढे होतं, तिथे ही युक्ती लाखमोलाची आहे. लॉफ्ट नसेल तर निदान जड सामान सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि मुलाला हवंसं वाटणारं काहीही कपाटाच्या माथ्यावर नाही. टीव्हीचा रिमोट, खेळण्यातली गाडी, बिस्किटाचा डबा वर ठेवला की आपण स्वतःच मुलाला चढायचं निमंत्रण देतो.

कोपऱ्यांकडे वळू. नवजात बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा डोकं असतं, दोन वर्षांच्या वयात साधारण पाचवा, आपल्यात सातवा-आठवा. वरचा भाग असा जड असल्यामुळे मूल पडताना डोकं पुढे जातं. वर्षाच्या मुलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, टीपॉयची ४० ते ४५. म्हणजे कपाळाच्या वाटेतच कोपरा. सनमायका लावलेल्या कोपऱ्याचं टोक दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचं धरलं तर सगळा मार ४ चौरस मिलिमीटरवर येतो. तोच वीस बाय वीसच्या पृष्ठभागावर पसरला तर ४०० चौरस मिलिमीटरवर. दाब शंभर पटींनी कमी! शिवाय मऊ रबर दाबलं जातं. डोकं एका मिलिमीटरऐवजी दहा मिलिमीटरमध्ये थांबलं, तर बसणारा जोरही साधारण दहावा हिस्सा होतो. मात्र चिकटवलेले रबरी कोपरे मुलं दोन दिवसांत उपटतात आणि तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. तोच निकष या रबरी तुकड्यांना आणि ड्रॉवरच्या सुट्या मुठींना लावावा. नवं टीपॉय बनवत असाल तर सुताराला आधीच सांगावं, कोपऱ्यांना चांगली गोलाई दे. उपटून काढण्यासारखं मग काही उरतच नाही.

खिडकीखालचा दिवाण आपल्या हॉलमध्ये इतका ठरलेला आहे की त्याकडे कोणी संशयाने बघत नाही. खिडकीचा कट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटर, दिवाण ४५. दिवाणावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी कट्टा उरला ४५ सेंटिमीटरचा. दोन वर्षांच्या, ८७ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा गुरुत्वमध्य डोक्याच्या भारामुळे निम्म्या उंचीच्या वर असतो. तो कट्ट्याच्या पातळीवर किंवा वर आला की वाकून खाली बघणं आणि तोल जाणं यात फरक राहत नाही. दिवाण दुसऱ्या भिंतीला लावा, किंवा खिडकीला पक्कं ग्रिल असू द्या. डासांची जाळी मुलाचा भार पेलत नाही.

ग्रिल किंवा पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर किती असावं, याचं उत्तर बाळाच्या शरीरातच आहे. बाळाचं डोकं कमरेपेक्षा रुंद. दांड्यांतून कंबर आणि धड निघून गेलं आणि डोकं अडकलं, तर मूल लटकतं. म्हणून डोकं अडवून भागत नाही, कंबरच अडवावी लागते. अमेरिकेत १९७० च्या दशकात पाळण्याच्या दांड्यांतलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत आणलं गेलं ते याच विचाराने. जुना पाळणा माळ्यावरून काढाल तेव्हा पट्टी लावून हे मोजा.

फ्रिजची एक जुनी हकिकत आहे, ती पेटीच्या बेडलाही लागू पडते. पूर्वी फ्रिजला बाहेरून खटका असे. लपाछपी खेळताना मुलं आत शिरत, दार लागे आणि आतून उघडत नसे. अमेरिकेने १९५६ साली कायदा केला की फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. खटका गेला आणि दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी आली. आज प्रत्येक घरातला फ्रिज जो हलकासा चिकटून बंद होतो, त्यामागे ती मुलं आहेत. आपल्या हायड्रॉलिक पेटी-बेडच्या बाबतीत मात्र आपणच जपायला हवं. त्यातल्या गॅसच्या नळकांड्या वर्षानुवर्षं वापरून मंदावतात. पेटीचं झाकण अर्ध्यावर उचलून हात सोडून बघा. धाडकन खाली आलं तर नळकांडी बदलायला झालेली आहे, आणि तोवर त्या झाकणाला कडी हवी. लोखंडी कपाटाचं हँडल फिरवून ठेवा, किल्ली त्याला लटकत ठेवू नका.

दाराच्या बिजागरीची फटही तरफच आहे. ७५ सेंटिमीटरवरच्या मुठीला एक किलोचा धक्का बसला, तर बिजागरीपासून दीड सेंटिमीटरवर अडकलेल्या बोटावर पन्नास किलोचा जोर येतो. पावसाळ्यात वारा सुटला की दारं आपटतात; दाराला आकडा लावणं किंवा वरच्या कडेला जाड कापडाची घडी अडकवणं एवढ्याने ते थांबतं.

पट्टे बसवून झाल्यावर एक सवय लावून घ्यावी लागते. दिवाळीच्या साफसफाईत कपाट, युनिट, फ्रिज सगळं पुढे ओढलं जातं. मागची जळमटं काढायला पट्टा सोडतात, आणि परत मागे सारताना तो भिंतीमागे लोंबत राहतो. समोरून काहीच दिसत नाही. रंगकाम झालं, नवी फरशी घातली, पुरानंतर सामान हलवलं, तरी हेच होतं. तेव्हा साफसफाई संपली की घरातल्या मोठ्या माणसाने प्रत्येक उंच वस्तूची वरची कड दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढून बघावी. पट्टा ताठ लागला पाहिजे. सैल वाटला, तर त्याच दिवशी स्क्रू ड्रायव्हर घ्यावा.